बाई, गालिचा उचला

बँकेला फोन लावला की आधी बाजा वाजतो. तोच तो बाजा, दर वेळी एकाच जागी अडखळणारा. परवा आमच्या मोडेस्टो गावातल्या एका दुकानात तो ऐकू आला, तर मी मिरच्यांची पिशवी तिथंच टाकून बाहेर आलो. बायको, ओफेलिया, मागनं पळत आली. "काय झालं?" म्हणलं, "काही नाही. आत बँक आलीय."

मी टोमॅटोचा ट्रक चालवतो. शेतातनं कारखान्यात, कारखान्यातनं शेतात. हंगामात घरी फक्त झोपायला. घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं. खाली यायला लोखंडी जिना, हलणारा. आम्हाला चालतं हो. पण आपांचं काय? आपा म्हणजे माझे वडील. साखरेनं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. डॉक्टरकडं न्यायचं तर मी त्यांना पाठीवर घेऊन उतरायचो, आणि ते माझ्या कानात शिव्या द्यायचे. "हळू, गाढवा! पोती नाही, बाप आहे!" मी ट्रकवर असलो की ते वरच. खिडकीत बसून खाली लावलेल्या गाड्या बघायचे. सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ झालेले.

मग ते घर दिसलं. एकाच मजल्याचं. दारात एकही पायरी नाही. मागं अंजिराचं झाड, त्याखाली गुळगुळीत सिमेंटची जागा. मी रस्त्यावरनंच बघितलं आणि मला आपा त्या झाडाखाली शिव्या देत बसलेले दिसले.

घर फिलोमेनाबाईंचं. पोर्तुगीज म्हातारी, पार समुद्रातल्या बेटांवरनं आलेली, नवऱ्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाई दोहल्या आणि हे घर बांधलं. नवरा गेला. पोरानं घरावर मोठं कर्ज काढून धंदा घातला. धंदा बुडाला आणि पोरगा नेवाडाकडं गेला तो गेलाच. त्यात घरांचे भाव निम्म्यावर आले. कर्ज होतं तेवढंच राहिलं. आमच्या भागात तेव्हा दर तिसऱ्या घराची हीच रड होती. अशा घराला शॉर्ट सेल म्हणतात. विकणारी विकायला तयार, घेणारा घ्यायला तयार, पण हो म्हणायचं बँकेनं, कारण विकून येणारा सगळा पैसा बँकेचा आणि तरी तो कमीच. विकणारीच्या हातात शून्य. फक्त लिलावाची पाटी दारावर लागत नाही, एवढाच फायदा.

मी एक लाख दहा हजार डॉलर लावले. डार्लीन म्हणून एजंटबाई होती, तिनं कागद केले. "आता थांबायचं," ती म्हणाली.

"किती?"

"बँकेला विचार."

बँक माझ्याशी बोलेना. घर माझं नाही, मग मी कोण? म्हणून फिलोमेनाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून फोन लावायचा. त्या बोलणार, मी शेजारी बसून सांगणार. दर वेळी नवी पोरगी. दर वेळी पहिल्यापासून. "तुमचे कागद मिळाले नाहीत." परत पाठवले. पुढच्या खेपेला दुसरी म्हणते, "हे कागद जुने झालेत, ताजे पाठवा." मी फोनमध्ये ओरडलो, "अगं, तुमच्याचकडं पडून म्हातारे झाले ना ते!" पोरगी विचारते, "तिथं दुसरं कोण बोलतंय?" फिलोमेनाबाई म्हणाल्या, "कोणी नाही, कुत्रा आहे." फोन ठेवला आणि मला कॉफी दिली.

कॉफीचं सांगायला पाहिजे. त्या घरात कुणीही आलं, मीटर बघणारा आला तरी, कॉफी आणि गोड पाव खाल्ल्याशिवाय सुटका नाही. आणि सगळं चकचकीत. ओट्यावर डाग नाही, भांड्यावर डाग नाही. पण घर आतनं गेलेलं. छत मागच्या खोलीत गळून डागाळलं होतं, न्हाणीघरातली फळी कुजली होती, बाहेरच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. मी सगळं हिशोबात धरूनच आकडा लावला होता. मला दुरुस्ती येते. बाई मात्र त्या डागांकडं अशा बघायच्या की जणू कुणी त्यांची साडेसाती चव्हाट्यावर मांडलीय. बँकेला लिहून द्यावं लागलं होतं की मी गरीब झाले, मला फेडणं जमत नाही. ते लिहिताना त्यांनी पेन दोनदा फेकलं. "बेटावर माझी आई उपाशी झोपली," त्या म्हणाल्या, "पण दारात आलेल्याला कळू दिलं नाही. आणि मी कागदावर लिहून देते!"

मग एक दिवस बँकेनं कळवलं की घराची किंमत ठरवायला माणूस येणार. डार्लीननं फिलोमेनाबाईंना फोन करून सांगितलं, गुरुवारी माणूस येईल, दार उघडा. एवढंच सांगितलं. आणि तिथंच सगळं फसलं. मी तेव्हा ट्रकवर, फ्रेस्नोच्या पुढं.

पाहुणा येणार! बाईंनी चर्चमधल्या चार बायका बोलावल्या. छताच्या डागावर पांढरा रंग मारला. भेगेत काहीतरी थापून त्यावर वेल चढवला. कुजलेल्या फळीवर लग्नातला लाल गालिचा अंथरला. मागच्या खोलीतल्या ओल धरलेल्या भिंतीपुढं कपाट सरकवलं, त्या वयात, पाचजणींनी ढकलून. खिडक्यांना लेस लावली. भट्टीतनं पाव काढला. बँकेचा माणूस आला, दोन कप कॉफी प्याला, पाव बांधून घेऊन गेला आणि लिहून दिलं की घर उत्तम स्थितीत.

बँकेचं उत्तर आलं. एक लाख अडतीस हजार. खाली एक सेंट नाही.

मी ते डार्लीनच्या तोंडून ऐकलं आणि ट्रक रस्त्याकडेला लावला. चाकाला लाथ मारली. पाय दुखला म्हणून अजून एक मारली. अठ्ठावीस हजार वर मी आणू कुठनं? टोमॅटोत घालून पिकवू? आपांना मी सांगून बसलो होतो. ते रोज विचारत होते, झाडाला अंजिरं लागली का.

तसाच घाण कपड्यांनी बाईंच्या दारात गेलो.

"तुम्ही काय केलंत हे?"

"काय केलं? बूट पुस आधी."

"बूट गेले खड्ड्यात! तुम्ही डाग का लपवले?"

"पाहुणा आला होता!"

"तो पाहुणा नव्हता! तो बँकेचा होता! ज्या बँकेनं तुम्हाला रडवलं, तिला तुम्ही पाव बांधून दिला!"

"माझ्या घरात येऊन माझ्यावर ओरडतोस, टोमॅटोवाल्या?"

"घर तुमचं नाहीच, बाई. बँकेचं आहे. आणि माझं होता होता राहिलं."

हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा बघितला आणि मला कळलं. पण राग एकदा सुटला की ब्रेक लागत नाही. म्हणलं, "डार्लीन म्हणते, किंमत चुकली असं कळवता येतं. दुसरा माणूस बोलावता येतो. पण घर जसं आहे तसं दिसलं पाहिजे. रंग खरवडा. कपाट हटवा. बाई, गालिचा उचला."

"कुजलेली फळी दाखवू? परक्याला?"

"खरं तेच दाखवा म्हणतोय. खोटं तर तुम्ही दाखवलंत!"

त्यांनी झाडू उचलला. झाडायला नाही. मी निघालो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी घरी होतो. जिना वाजायला लागला. कोणीतरी एकेक पायरी चढतंय, थांबतंय, धापा टाकतंय, पोर्तुगीजमध्ये देवाला बोल लावतंय. दार उघडलं तर फिलोमेनाबाई. काळा झगा, काखेत फडक्यात बांधलेला पाव, तोंड लालबुंद. ओफेलियानं खुर्ची दिली तर बसेनात.

"तुझा बाप कुठाय? मला त्याच्याशी बोलायचंय. असला उद्धट पोरगा कुणी वाढवला ते बघायचंय."

"हा काय मी," खिडकीतनं आपा म्हणाले. "वाढवला बरोबर होता. ट्रक चालवून बिघडला."

"तो मला म्हणतो, घराची घाण जगाला दाखव."

"म्हणाला असेल. तोंडानं फाटका आहे. आईवर गेलाय."

"माझ्या घरात घाण नाही!"

"मग कुजलेलं आहे म्हणा. माझा पाय बघा." आपांनी पँटची घडी वर केली. "हा मी डॉक्टरपुढं लपवला. शेतात जखम झाली, वर मोजा घातला. डॉक्टर विचारायचा, सगळं ठीक? मी म्हणायचो, एकदम ठीक. धुतलेला शर्ट घालून जायचो ना. डॉक्टरसुद्धा खूश."

बाई खुर्चीत बसल्या.

"कांदे काढायच्या दिवसांत शेवटचा खाली गेलो होतो," आपा म्हणाले. "त्यानंतर जमिनीला पाय लागलेला नाही. एकच आहे, पण तोही नाही. तुमचं झाड कसलं आहे हो? काळ्या अंजिराचं की पांढऱ्या?"

"काळ्या."

"मला वाटलंच. हा म्हणत होता पांढऱ्या. टोमॅटोशिवाय काही कळत नाही त्याला."

मी भांडायला तोंड उघडलं, ओफेलियानं माझ्या पायावर पाय दिला.

बाईंनी पाव टेबलावर ठेवला आणि निघाल्या. जिना उतरताना मी हात द्यायला गेलो तर फटका मारला. मधल्या पायरीवर थांबल्या. वर बघितलं, खाली बघितलं, तो हलणारा कठडा दोन्ही हातांनी हलवून बघितला.

"यावरनं तू त्याला पाठीवर आणतोस?"

"हो."

"मूर्ख," त्या म्हणाल्या. मला की बँकेला की पोराला, कळलं नाही.

दुसरा माणूस आला ती एक तरुण बाई होती, हातात कॅमेरा, पायात उंच टाचा. मी रस्त्यापलीकडं ट्रकमध्ये बसलो होतो. मला आत जायची परवानगी नव्हती, पण खिडक्या उघड्या होत्या आणि फिलोमेनाबाईंचा आवाज काय सांगावा. लेस काढली होती, वेल उपटून अंगणात टाकला होता.

"या," त्या त्या पोरीला म्हणत होत्या. "इकडं बघा. इथनं पाणी येतं. मी रंग लावला होता, खरवडला. काढा फोटो. इथं कपाट होतं. हात लावा, लावा ना, ओल आहे. हे दार माझ्या पोरानं लाथेनं मोडलं, जाताना. याचाही काढा. इथं माझा नवरा पडला आणि उठला नाही, त्याचा फोटो निघत असेल तर तोही काढा!"

"एवढं पुरे आहे, मॅडम," पोरगी म्हणत होती.

"पुरे कसं? न्हाणीघर राहिलं!"

मग कडकन आवाज आला. पोरीची टाच फळीतनं आरपार गेली होती. मी ट्रकचं दार उघडून धावलो आणि कुंपणाशीच थांबलो. बाईंनी तिला बखोटीला धरून बाहेर आणलं, हातात एक बूट. पोरगी कावरीबावरी. बाई तिला तशीच गाडीपर्यंत सोडून आल्या. कॉफी नाही. पाण्याचा पेलासुद्धा नाही.

गाडी गेली तसा बाईंचा ताठा गेला. अंगणात, उपटलेल्या वेलाशेजारी त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. मी जवळ गेलो.

"तिला कॉफी नाही दिली," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा. या घरातनं कुणी तरी तसंच गेलं."

"बाई..."

"बोलू नकोस. तुझा राग आलाय मला."

बँकेनं परत बाजा वाजवला, परत कागद मागितले, परत हरवले. टोमॅटोचा हंगाम संपला. शेवटी डार्लीनचा फोन आला. एक लाख बारा हजार. सोबत बँकेचं पत्र, त्यात लिहिलेलं की तुमच्या सहकार्याबद्दल आभार आणि अभिनंदन. अभिनंदन! मी ते पत्र चुरगळलं, मग ओफेलियानं सरळ करून फायलीत लावलं, लागतं म्हणाली.

किल्ली मिळाली त्या सकाळी आपांना पाठीवर घेऊन शेवटचा तो जिना उतरलो. कानात शिव्या चालूच. घराच्या दारात त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि ढकललं, खुर्ची सरळ आत गेली आणि मागच्या दारानं थेट अंजिराखाली.

आत सगळं तसंच. खरवडलेलं छत, भिंतीवर ओल, फळीला भोक, जमिनीवर रंगाचे पापुद्रे. बाई बहिणीकडं राहायला गेल्या होत्या. जाताना कचऱ्याची काडी उचलली नव्हती. मला वाईट वाटलं आणि रागही आला, पण मनात म्हणलं बरोबर आहे, बँकेसाठी कशाला झाडायचं?

मागनं आवाज आला. "अजून उभाच आहेस?"

फिलोमेनाबाई. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकी, काखेत गुंडाळलेला लाल गालिचा.

"तुम्ही कशाला?" मी म्हणलं. "आता तुमचं घर..."

"तुझं आहे ना? कागद झाले ना? बँकेचा काही संबंध नाही ना?"

"नाही."

"मग हा उकिरडा कुणाचा? बापाला असल्या जागेत आणलंस? लाज नाही वाटत? पाणी भर!" बादली माझ्या पोटावर आदळली. "आणि कॉफी कुठं ठेवलीय तुमच्यात? मी पाहुणी आहे."

ओफेलिया खोक्यात पातेलं शोधायला लागली. अंजिराखालनं आपा ओरडले, "काळीच आहेत रे, गाढवा!"