पाण्याच्या तोंडाशी खोली

त्या काळात बारामतीच्या आसपास माणसाची ऐपत कुणी विचारत नसे. त्याचं रान पाटाच्या कुठल्या अंगाला आहे एवढं विचारलं की भागायचं. कालव्यातून फुटलेल्या पाटाच्या तोंडाशी ज्याचं रान, त्याला पाणी आधी आणि पोटभर. शेपटाकडच्याला उरलंसुरलं, आणि पुष्कळदा तेही नाही. तोंडाकडचे लोक बाजारात जरा छाती काढून चालत आणि शेपटाकडचे त्यांना आधी रामराम घालत. महिपती शेपटाकडचा.

त्याचं मूळ गाव कळस, इंदापूर तालुक्यातलं. तिथं भावाभावांत वाटण्या झाल्या आणि त्याच्या वाट्याला नावापुरती जमीन आली, तेव्हा तो बायकोला घेऊन बारामतीला आला. पाटाच्या शेपटाला एक तुकडा खंडाने करू लागला. वांगी, मेथी, कांदे, बांधाला पेरूची झाडं. नवराबायको मिळून दारं धरायची, म्हणजे पाणी आलं की एकाने खोऱ्याने पुढच्या वाफ्याचं तोंड उघडायचं आणि दुसऱ्याने भरलेल्या वाफ्याचं बुजवायचं. पाणी यायच्या आधी दोघं बांधावर बसून राहत, लहानगी भिमा मधे झोपलेली. बनाबाई वरच्या हिरव्यागार रानांकडे बघत म्हणायची, "एकदा तरी पान्याच्या तोंडाशी ऱ्हायला मिळावं बघा."

पुढे महिपतीला बारामती आठवली की आधी ते बसणं आठवायचं. ओल्या मातीचा वास, भरून ठेवलेल्या पेरूच्या पाट्या, आणि पाणी येतंय का म्हणून कान देऊन गप्प बसलेली बनाबाई. त्या नुसत्या वाट बघण्यात केवढं सुख होतं हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं. कुणाला कळतं म्हणा.

बनाबाई हिवतापाने गेली. एकट्याने दारं धरता येत नाहीत आणि पोर बांधावर टाकून पाण्यामागे धावताही येत नाही. कळसचे आबा, म्हणजे महिपतीचे थोरले चुलते, दहाव्यालाच म्हणाले, "वर्साच्या आत दुसरं लगीन कर. चुलीम्होरं बाई पायजे." महिपती म्हणाला, "माझं मन न्हाय." आबांना हे बोलणं लाजेतलं वाटलं आणि त्यांनी दोन ठिकाणी शब्दसुद्धा टाकून ठेवला. त्या मुलींच्या बापांना तोंड देता देता आबांच्या नाकी नऊ आले, आणि मग त्यांनी पुतण्याशी बोलणंच टाकलं.

शेवटी बनाबाईची थोरली बहीण छबूबाई इंदापुराहून आली. नवरा दत्तोबा, घरची मोसंबीची बाग, खाऊनपिऊन सुखी. मूल मात्र नव्हतं. ती सहा वर्षांच्या भिमाला घेऊन गेली. महिपतीने रान सोडलं. पुण्याच्या मंडईत मानसिंग नावाचा अडत्या होता, त्याच्याकडे महिपतीच्या पाट्या जात. त्याला माल उतरवून निवडणारा भरवशाचा माणूस हवा होता. महिपती तिकडे गेला आणि मंडईतल्याच एका ओट्यावर पथारी टाकून राहू लागला.

दिवाळीला तो इंदापूरला पोरीला भेटायला गेला, तेव्हा छबूबाईने त्याला स्पष्टच सांगितलं. "म्हैपतराव, संक्रातीला मी भिमीला घिऊन पुन्याला येते. घर बघते. पोर ऱ्हाण्याजोगं असलं, तर पोर तुमची. नसलं, तर ती माझी. मग पुन्यांदा मागायला यायचं न्हाय. तिचा जीव असा ह्या घरातनं त्या घरात मी टांगता ठिवनार न्हाय."

महिपतीला राग आला नाही. छबूबाईचं म्हणणं खरं होतं.

मग पुण्यात त्याची पायपीट सुरू झाली. मंडईचं काम आटोपलं की खांद्यावर उपरणं टाकून तो पेठा पालथ्या घाली. नदीकडच्या पेठांत तर त्याला दाराच्या आतही कुणी घेतलं नाही. नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ, सगळीकडे मालक आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघत. मागे कुणीच नसे.

"बिऱ्हाडात बाईमाणूस कोण?"

"न्हाय कोनी. मी आन माझी ल्योक."

"मग दिवसभर पोरगी कोण बघणार? आणि चार बायकांच्या वस्तीत एकटा पुरुष ठेवायचा, म्हणजे उद्या माझ्याच डोक्याला ताप."

एका मालकाने तर, "लग्न करून या, खोली राखून ठेवतो," असं सांगितलं. आबांना हा माणूस फार आवडला असता. जिथे मालक बरा भेटे तिथे भाडं ऐकून महिपती उपरणं झटकून उठे. आणि एक खोड त्याची त्यालाच कळत नव्हती. खोलीला खिडकी आहे का, भिंत कोरडी आहे का, हे काहीही न विचारता तो पहिल्यांदा विचारी, "पानी कुठनं येतं? आमच्यापरेंत पोचतं का?" पुणेकरांना याची गंमत वाटायची. माणसं खोली बघायला येतात, हा नळ बघायला येतो.

संक्रांत तोंडावर आली असताना गंज पेठेत त्याला आप्पा भेटले. त्यांची एक जुनी चाळ होती, चौकात एकच नळ. आप्पांनी त्याला दोन खोल्या दाखवल्या. एक मागच्या बाजूला, उजेडाची, भाडं चढं. दुसरी थेट नळाला लागून. नळाचा चौथरा आणि खोलीची पायरी यांत हात पुरेल एवढंच अंतर. हिचं भाडं पहिलीहून पुष्कळ कमी.

महिपतीला आधी वाटलं, आपण उलटं ऐकलं. मग वाटलं, म्हाताऱ्याला किंमत कळत नाही. पाण्याच्या तोंडाशी घर, आणि ते स्वस्त? बारामतीत असा तुकडा निघाला असता तर भाऊबंदांत डोकी फुटली असती. आपलं तोंड बघून आप्पांना शंका येईल म्हणून तो जमिनीकडे बघत राहिला आणि मग घाईघाईने इसार त्यांच्या हातात कोंबला.

"घरात बाई नाही म्हणालास ना?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय."

"असू दे," आप्पा म्हणाले. ती खोली किती तरी दिवस रिकामी पडली होती.

का रिकामी होती ते महिपतीला दुसऱ्याच पहाटे कळलं. नळ आला तसे हंडे आदळायला लागले, कळशा कळशांवर आपटल्या, आणि तुझा नंबर की माझा यावरून चौकात जी जुंपली ती ऐकून तो अंथरुणात उठून बसला. नळाकडची भिंत खालपासून कंबरेपर्यंत ओली होती आणि चुन्याचे पोपडे हाताला येत होते. मोरीचं पाणी पायरीखालून वाहायचं. मंडईत मानसिंगने ऐकलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "अरं येड्या, नळाजवळची खोली पुण्यात कुत्रंबी घेत न्हाय. चाळीत सगळ्यात लांबची खोली म्हागाची असती."

महिपती त्याच्याबरोबर हसला आणि पाट्या उतरवू लागला. बारामतीचा माल होता. पेरूच्या पाटीवरचा पाला बाजूला केला आणि तो ओळखीचा वास आला, तसं त्याला रडूच फुटलं. जन्मभर शेपटाला राहिलेल्या माणसाची हाव त्याला नडली होती, आणि आता पोर जाणार होती. दुसरी खोली शोधायला ना दिवस उरले होते, ना खिशात काही.

छबूबाई आली ती संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी. इंदापूरहून बारामतीपर्यंत मोटार, तिथून छोट्या गाडीने दौंड, आणि दौंडहून पुणे. भिमा गाडीच्या धुराने काळवंडली होती. बापाला बघून ती छबूबाईच्या लुगड्याआड झाली, मग हळूच बाहेर आली आणि त्याचं बोट धरलं.

छबूबाईने खोलीत पाऊल टाकलं, भिंतीला हात लावला आणि तो हात पदराला पुसला. जेवणं झाल्यावर म्हणाली, "म्हैपतराव, तुमी वंगाळ मानूस न्हाय. पर ह्या वलीत पोर खोकून मरंल. तुमी उजाडायच्या आत मंडईला जानार. हिच्याकडं बघनार कोन? उद्या आमी दोघी माघारी जातो."

"व्हय," महिपती म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी त्याने मानसिंगकडून सुट्टी घेतली होती. नळ आला आणि नेहमीचा गोंधळ सुरू झाला. छबूबाई तणतणत उठली, दार उघडून उंबऱ्यात बसली. भिमाही डोळे चोळत तिच्यामागून आली आणि पायरीवर बसली, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती.

आक्काबाई नावाची एक पोक्त बाई रांगेत होती. तिचा नंबर लांब होता. ती रोज त्याच पायरीला हंडा टेकवून टेकत असे. पोरीचं डोकं बघून तिने विचारलं, "कुनाची गं तू? केसांच्या जटा झाल्यात की." उत्तराची वाट न बघता तिने आपल्या आंबाड्यातली फणी काढली आणि भिमाला पुढ्यात ओढलं. भिमा जरा आखडली. मग तिने मान खाली घातली.

आक्काबाईने भांग पाडला, गुंता निम्मा सोडवला, एवढ्यात तिचा नंबर आला. तिने फणी आणि पोरीची मान मागच्या बाईच्या हवाली केली. "धर गं, आता तुजी पाळी." त्या बाईने उरलेला गुंता काढला, घरातून तेल मागवून चोळलं. तिचा हंडा नळाखाली लागला तशी तिसरीने पेड हातात घेतले आणि वेणी घातली. कुणाचा नंबर आधी, यावरून भांडण चालूच होतं. भांडता भांडता हात चालत होते. वेणीला बांधायला चौथीने आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी दिली. जाता जाता आक्काबाईने भिमाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि महिपतीकडे न बघताच सांगितलं, "तुमी खुशाल जावा कामाला. दारात नळ हाय, पोर आमच्या नजरंखालीच ऱ्हानार."

महिपती दाराआड उभा होता. त्याला हे काही ठाऊक नव्हतं, त्याने काही ठरवूनही केलं नव्हतं. पाण्याजवळ माणसं येतात, इतकंच.

त्याने छबूबाईकडे पाहिलं. ती भिमाच्या वेणीकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"बना गेल्यापासनं ह्या पोरीनं माझ्या हाताखाली डोकं दिलं न्हाय," ती म्हणाली. "फनी बघितली की बागंत पळायची. मी आन हे दिसभर रानात. ती एकली त्या मोसंबीच्या झाडांखाली बोलत बसायची. मला वाटलं, ऱ्हाईल, रुळंल हळूहळू."

ती उठली. कोपऱ्यातला महिपतीचा हंडा घेतला आणि रांगेत सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभी राहिली. भरून आणून चुलीजवळ ठेवला आणि म्हणाली, "भितीला आतनं चुना द्या. आन पोरीला ह्या भितीकडं निजवू नका."

दुपारी महिपती आणि भिमा तिला स्टेशनावर पोचवायला गेले. बायकांच्या डब्यात तिला खिडकीशी जागा मिळाली. भिमा बाहेरून गजाला धरून उभी होती आणि छबूबाई तिच्या बोटांवरून हात फिरवत होती.

"पोरीची कापडं समदी इंदापुरालाच ऱ्हायली," ती म्हणाली. "आनलीच न्हवती. मला वाटलं व्हतं, हिला माघारीच न्यायची हाय. आमचं मालक पुढल्या आठवड्यात मोसंब्या घिऊन यायचेत, त्यांच्यासंगं धाडते."

"सावकाश धाडा," महिपती म्हणाला.

गाडीने शिट्टी दिली. छबूबाईने भिमाचा हात सोडला, तोंडाला पदर लावला आणि मग काढला.

"समदी धाडते," ती म्हणाली, "पर एक परकर ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."