फोटोतल्या बाळाचा कान

फोटोतल्या बाळाच्या डाव्या कानापुढे, टाचणीच्या टोकाएवढं, एक छिद्र होतं. असं छिद्र जन्मतःच असतं आणि आपोआप बुजत नाही.

कॉव्हेंट्रीतल्या घरात श्यामलाबाई पोहे परतत होत्या. टेबलावर तो फोटो, बाळासोबत कोरियाहून आलेली फाइल आणि समोर त्यांची एकोणचाळीस वर्षांची मुलगी, अन्वी.

"आई, फाइलवरून कोरियातल्या एजन्सीनं तिला शोधलं. माझी बर्थ मदर! फ्रायडेची फ्लाइट बुक केली मी."

"फाइलमध्ये तर अनाथ लिहिलंय," मोहनराव म्हणाले.

"बाबा, सगळ्यांनाच तसं लिहायचे. ती सिक होती, म्हणून बेबीला ऑर्फनेजमध्ये ठेवलं. परत न्यायला गेली, तर म्हणाले, इंग्लंडला पाठवलं. कॅन यू बिलीव्ह इट?"

मोहनरावांचा विश्वास सहज बसला असता. दत्तक घ्यायला कोरियाच का, असं मित्रांनी विचारल्यावर त्यांनीच हसत सांगितलं होतं, "मुलं गोरी असतात, आणि आईबाप मागे लागत नाहीत."

मूल आलं त्याच आठवड्यात बारसं झालं. वैजयंती आत्यानं कानात नाव सांगून कुर्र् केलं, तेव्हा श्यामलाबाई पाळण्यावर वाकल्या होत्या. डाव्या कानापुढची कातडी अखंड होती. पाहुणे गेल्यावर त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं.

"मग काय, परत पाठवायची?" त्यांनी विचारलं होतं.

फोटोतल्या बाळाचं काय झालं, हे दोघांनीही विचारलं नाही.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या नळीवर दुसऱ्या पेशंटचं लेबल दिसलं, की श्यामलाबाई काम थांबवत आणि लेखी तक्रार करत. इथे लेबल तेच ठेवून मूल बदललं होतं, आणि त्याच हातांनी त्यांनी बाळाला काजळ घातलं होतं. आज त्या हातांची त्यांना किळस आली.

अन्वी फोन घ्यायला हॉलमध्ये गेली. मोहनराव ओट्यापाशी आले. "गप्प राहा. भेटू दे. म्हातारी खूश, ही खूश."

अन्वी मेसेज वाचतच परतली. "ती म्हणते, एअरपोर्टवर आधी तुझा डावा कान बघणार. क्यूट ना?"

श्यामलाबाईंनी गॅस बंद केला.

"अन्वी, फोटोतलं ते बाळ तू नाहीस. तुझ्या बारशापासून मला माहीत आहे."