काठावरच्या चपला

विहिरीच्या काठावर पुरुषाच्या चपला दिसल्या तर आमच्या चकलांब्यात लोक म्हणतात, कुणीतरी पोहतंय. बाईच्या दिसल्या तर अख्खं गाव बोंबलत धावत सुटतं. पाणी तेच, विहीर तीच. ह्या एका गोष्टीपायी माझी जी शोभा झाली ती आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो.

माझं नाव बबिता. माहेर नेकनूरच्या बाजूचं. माझे वडील म्हाळू मेंढरं राखायचे. लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात, आणि त्या दिवशी मेंढरांबरोबर आम्हा भावंडांनाही ते पाण्यात ढकलून द्यायचे. पाठीला वाळका भोपळा बांधलेला असायचा. पुढं भोपळा सुटला आणि मी काठावरून सूर मारायला लागले. धाकटा भाऊ भागवत गुडघे पोटाशी धरून मुटका मारायचा आणि पाणी काठापर्यंत उडवायचा. पण तळाला जाणं त्याला कधी जमलं नाही. मला जमायचं. तळ गाठल्याची खूण म्हणजे मुठीत आणलेला गाळ. नुसतं ‘गेलते’ म्हणून भागायचं नाही. वडील म्हणायचे, “मूठ उघड.” मी मूठ उघडायची, काळाशार गाळ दाखवायची, आणि ते तोंडभर हसायचे.

लग्न झालं आणि हे सगळं बंद पडलं. सासरची विहीर भावकीत सामाईक होती. तिथं सुनेनं पोहायचं नाव काढलं असतं तर माझं माहेर काढलं असतं. मग पोरगा झाला, मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. अशात आमच्या मालकांनी, म्हणजे अंगदरावांनी, आमच्या स्वतःच्या रानात विहीर काढली. चांगली रुंद, बांधीव, आत उतरायला पायऱ्या. पाणी लागलं तेव्हा मी रडले. लोकांना वाटलं, कापसाची सोय झाली म्हणून बाई हरखली. मी हरखले होते, पण कापसासाठी नाही.

तेव्हापासून दुपारी, रानात चिटपाखरू नसताना, मी विहिरीवर जायची. पोराची जुनी ट्रॅक पँट आणि मालकांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. साडी नीट घडी करून काठावर ठेवायची. गळ्यातलं काढून त्या घडीवर ठेवायची, कारण ते पाण्यात निसटलं तर कुणाच्या बापाला सापडणार? शेजारी चपला. मग सूर. पहिल्यांदा कान बंद होतात, मग पाणी गार लागत जातं, आणि तळाला गेलं की ‘आई’, ‘अगं’, ‘वहिनी’, ‘चहा टाक’, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माझ्या उभ्या जन्मात ती एवढीच जागा माझी होती. गाळाची मूठ घ्यायची आणि वर यायचं. पाहायला कुणी नसायचं, तरी मी मूठ उघडून पाहायची.

त्या दिवशी मी तळाला असताना कडूमावशी शेळ्यांमागं आमच्या बांधावर आल्या. त्या आमच्या शेजारच्या रानातल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. त्यांना काय दिसलं? चपला, साडीची घडी, घडीवर काढून ठेवलेलं गळ्यातलं, आणि हलायचं नाव न घेणारं पाणी. सवाष्ण बाई गळ्यातलं काढते कधी, एवढाच विचार त्यांनी केला असणार. त्यांनी अशी किंकाळी फोडली की म्हणे गावाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेली.

मी वर आले तर काठाभोवती डोकीच डोकी. वरून दोर सुटला, दोराला बाज बांधलेली. मी ओरडले, “अवो, बाज कावून सोडताय? पायऱ्या हायेत की! येते मी!”

“बोलू नको! दम खा! बाज धर!” वरून दहा जण एकदम ओरडले.

मी पायऱ्यांकडे हात मारायला लागले तर दोघांनी खाली उतरून मला धरलं. मला! ज्या दोघांनी धरलं त्यांतल्या एकाला पोहता येत नव्हतं, तो पायरीवर लटपटत माझाच दंड धरून उभा होता. शेवटी मला बाजेवर घालून, भिजलेल्या ट्रॅक पँटीत, गहू भरलेल्या पोत्यासारखी वर ओढून घेतली. लाजेनं मला खरंच जीव नकोसा झाला. मालक धावत आले होते, तोंड पांढरं पडलेलं. मी त्यांच्यापुढं मूठ उघडली. गाळ होता.

“हे बगा,” मी म्हणाले. “तळ आनलाय. पवत होते मी.”

त्यांनी माझा हात धरला, पदरानं पुसायला गेले, आणि पदरच नाही म्हणून आपल्या धोतरानं पुसला. “काय कमी केलं म्या तुला?” म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडायला लागले.

आता सांगा, रडणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी नेकनूरहून भागवत मोटारसायकलवर आला. आल्या आल्या त्यानं मालकांना फैलावर घेतलं, “दाजी, माझ्या बहिनीला काय तरास दिला तुमी?” मला बरं वाटलं. म्हटलं, हा तरी आपला. आम्ही एका विहिरीत वाढलो.

“भागवत, कुनी तरास दिला न्हाई रे. तू तरी सांग ह्यांना. मी पवायला गेलते.”

“अक्का, तुला पवायला येतं, कोन न्हाई म्हनतंय? पन गेलतीस कावून?”

“पवायला!”

“ते हाय गं. पन कावून?”

मी कपाळावर हात मारून घेतला. बाई विहिरीत मरायला उतरली असेल हे ह्या लोकांना एका क्षणात पटतं. मजेखातर उतरली असेल हे सात दिवस कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी पटत नाही. माझा सख्खा भाऊ, ज्याला मी बखोटीला धरून पाण्याबाहेर काढलंय, तो माझ्याकडे दयेनं बघत होता. मग दाजी-मेव्हण्यांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं की विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची. गेवराईच्या तानाजी वेल्डरला निरोप गेला. मला कुणी विचारलं नाही. मी तिथंच होते, कपबश्या उचलत.

मी चिडले की मालक म्हणायचे, बघा, मन थाऱ्यावर नाही. गप्प बसले की म्हणायचे, बघा, आतल्या आत कुढतेय. हसले तर सगळे एकमेकांकडे बघायचे. शेजारच्या बायका येऊन माझा हात हातात घेऊन बसायच्या आणि माझ्या घरातलं काही बाहेर पडतंय का याची वाट पाहायच्या. मालकांनी पैठणहून साडी आणली. ते इतकं जपायला लागले की मला ओरडावंसं वाटायचं, आणि ओरडायचीही सोय नव्हती.

पुण्याहून पोराचा फोन आला. आवाज एकदम हळू, दवाखान्यात बोलतात तसा. “आई, तू एकटी पडलीस. एखादा छंद लावून घे ना.”

“अरे, छंदच व्हता तो!”

“तसला नाही गं. घरात बसून करण्यासारखा.”

चार दिवसांत सूनबाईचं, सुकन्याचं, पार्सल आलं. लोकर. गुलाबी आणि पिस्ता रंगाचे गुंडे, दोन सुया, आणि मोबाइलवर विणायचे व्हिडिओ. पोर चांगली आहे, मनापासून पाठवलं तिनं. पण चकलांब्यात, एप्रिल महिन्यात, अंगाची लाही होत असताना, मी मफलर विणायचा! लोकरीत माझ्या बापाचा जन्म गेला. तो वास नाकातून जावा म्हणून तर आम्ही पाण्यात उड्या मारायचो.

आणि राखणीला कडूमावशी. रोज दुपारी मालक रानात गेले की त्या येऊन उंबऱ्यात बसायच्या. मी मोरीत गेले तरी बाहेरून हाक, “बबिता, हायेस ना गं?” मी विणायची, टाके सुटायचे, उसवायची, पुन्हा विणायची. त्या माझ्या हाताकडे बघत राहायच्या.

तानाजी वेल्डर उद्या माप घ्यायला येणार असं कळलं त्या दुपारी माझा ताबा सुटला. मी सुया भिंतीवर फेकल्या.

“मावशी, तुमच्या वरडन्यानं समदं झालं! पानी बगायचं, दम धरायचा, मी वर आलेच असते. माझं एवढं एकच व्हतं, ते बी गेलं. कावून वरडला तुमी?”

मावशींनी सुया उचलल्या, एक वाकली होती ती सरळ केली.

“तवा वरडले न्हाई म्हनून,” त्या म्हणाल्या.

“कवा?”

“माझी थोरली बहीन. काठावर चपला दिसल्या तिच्या. मला वाटलं, धुनं धुवायला उतरली आसंल. ऊन लई व्हतं. चपला तापतील म्हनून म्या त्या उचलून बाभळीच्या सावलीला ठिवल्या, आन् गेले पुढं.” त्यांनी सुया माझ्या मांडीवर ठेवल्या. “सांजच्याला काढली तिला.”

माझा सगळा राग तिथंच अडकून बसला. पुढंही जाईना, मागंही येईना. ज्या बाईवर मी तोंडसुख घेणार होते तिच्यावर आता रागावण्याचीही सोय उरली नव्हती. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि तरीही विहीर हवीच होती. दोन्ही एकदम वाटत होतं.

“मावशी,” मी म्हणाले, “चला माझ्यासंगं. एकदा बगा तरी.”

त्यांनी आधी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाल्या, “दावं बांधीन.”

आणि खरंच, गायीचं दावं माझ्या कमरेला बांधून, त्याला लांब दोर जोडून, दोराचं दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून त्या काठावर बसल्या. मी सूर मारला आणि अर्ध्या वाटेतच कमरेला हिसका. वर आले. “ओढू नका की!” पुन्हा गेले, पुन्हा हिसका. “मावशी, जरा ढील द्या, हात जोडते!” नाकातोंडात पाणी गेलं, कंबर सोलवटली, मी चिडून रडकुंडीला आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हिसका आला नाही. दोर माझ्यामागं सरळ खाली येत राहिला. तळ लागला. मी तिथं थांबले नाही. थांबावंसं वाटत होतं, पण वर त्या बाईचं काय होत असेल हे माहीत होतं. मूठ भरली आणि आले.

मावशी ओठ घट्ट मिटून, डोळे बंद करून बसल्या होत्या. मी पायऱ्या चढून गेले, त्यांचा हात उघडला आणि गाळ त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चोळून पाहिला.

“गार हाय गं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मालक वेल्डरला घेऊन विहिरीवर आले तर कडूमावशी आधीच तिथं उभ्या. “अंगद, पवती हाय ती,” त्या म्हणाल्या. “म्या बगितलंय. तळ आनती.” मी जे महिनाभर घसा फोडून सांगत होते तेच हे वाक्य, आणि मालकांनी ते त्यांच्या तोंडून लगेच ऐकलं! पण भीती काही गेली नाही त्यांची. जाळी बसलीच. फक्त त्यात पायऱ्यांच्या बाजूला एक दार ठेवलं, दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली मावशींच्या स्वाधीन केली. माझी विहीर, माझा जीव, आणि किल्ली कडूमावशींच्या कमरेला. सूर मारायला आता जागा नाही. दारातून वाकून, पायऱ्या उतरून, म्हशीसारखं पाण्यात शिरावं लागतं. ह्याचा राग मला रोज येतो, आणि मी तो रोज बोलून दाखवते.

मावशी ऐकून घेतात. शेळ्या बांधून येतात, कुलूप काढतात आणि माझ्या चपलांशेजारी बसतात. मी तळाला जाते, फार थांबत नाही, वर येऊन आधी “हाय मी, मावशी” म्हणते आणि मग श्वास घेते.

वर येईपर्यंत चपला उन्हानं अशा तापलेल्या असतात की ओल्या पायांनाही चटका बसतो. इथंही बाभळ आहे, तिची सावली हाताच्या अंतरावर आहे. चपला तिकडं सरकवा असं मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही.