झाकण ठीक आहे

निवृत्त माणूस दिवसभर घरात बसून राहिला की काय होतं, हे त्याच्या सुनेला विचारावं. या गोष्टीतल्या आजोबांनी पहिल्या महिन्यात फ्रिज दिवसातून किती वेळा उघडतो याची नोंद ठेवली, दुसऱ्या महिन्यात नळाची. तिसऱ्या महिन्यात सूनबाईंनीच त्यांना कोपऱ्यावरच्या सामुदायिक बागेत नेलं, सभासद म्हणून नाव नोंदवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. सदतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कार्यालयात हजेरीचं रजिस्टर सांभाळलं होतं आणि बागेलाही नेमका असाच माणूस हवा होता. वर्षभरात सगळे त्यांना तासमास्तर म्हणायला लागले. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण ते त्यांना मनापासून आवडायचं.

बाग चांगली होती, तिचे नियमही मुळात चांगले होते. सभासदांचे तीन स्तर होते. महिन्याला चार तास सेवा करणारा तो अंकुर, आठ तास करणारी फांदी आणि सोळा तास करणारं खोड. अंकुराला सामाईक वाफ्यातली भाजी मिळे, फांदीला स्वतःचा वाफा. खोडाला फाटकाची किल्ली, समितीत मत आणि सूचनावहीत लिहिण्याचा हक्क. अंकुराला काही सांगायचं असेल तर त्यानं एखाद्या खोडाला सांगायचं, मग खोडाला पटलं तर ते लिहिणार. सुरुवातीला वहीत कुणीही काहीबाही खरडायचं म्हणून हा नियम आला होता. पुढे वही स्वच्छ राहायला लागली आणि समितीला वाटलं, बागेत आता सगळं सुरळीत चाललंय.

मास्तर खोड होते. दुखऱ्या गुडघ्यानं महिन्याला सोळा तास भरणं सोपं नव्हतं. बारा तास रजिस्टर लिहिण्यात जायचे. उरलेले चार त्यांना टाकीनं दिले होते.

बागेच्या मधोमध जमिनीखाली पाण्याची जुनी टाकी होती, दोन पुरुष खोल. तिच्यावर फळ्यांचं खोलीएवढं मोठं झाकण होतं, जमिनीपासून हातभर उंच आणि दरवर्षी हिरव्या रंगानं चकचकीत केलेलं. दर सोमवारी एका खोडानं त्याची कडेची फळी उचलायची, आत बॅटरी मारून खालच्या तुळया पाहायच्या आणि शेरा लिहायचा, त्याचा एक तास. पहिले काही आठवडे मास्तरांनी हे सगळं इमानदारीनं केलं. मग एका सोमवारी गुडघा वाकेचना. त्यांनी खुर्चीतूनच झाकणाकडे पाहिलं, ते दिसायला छानच दिसत होतं, आणि त्यांनी लिहिलं, 'झाकण ठीक आहे'. पुढच्या सोमवारीही तेच लिहिलं. असं करता करता दोन वर्षं झाली आणि आपण काही खोटं लिहितो आहोत हे त्यांच्या ध्यानातूनही गेलं.

बागेतली एक मांजर मात्र त्या झाकणावरून कधी जात नसे. सगळ्या वाफ्यांमधून, खुर्च्यांवरून फिरायची आणि झाकण आलं की वळसा घालायची. सगळे तिला हसायचे.

बागेत एक सुतारबुवा होते. सहा वर्षं झाली तरी अंकुरच, कारण पोटापाण्याच्या कामातून महिन्याला चार तासांच्या वर त्यांना सवड मिळत नसे. एका दुपारी ते झाकणाजवळचा वाफा खणत होते. कुदळ टेकवताना तिचा दांडा फळीवर आपटला आणि बुवा थबकले. त्यांनी बोटाच्या पेरानं फळी वाजवली, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. खिशातला पेचकस काढून त्यांनी झाकणाच्या कडेला खालून टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

ते थेट मास्तरांकडे आले. वरून रंगानं धरून ठेवलंय, खालून सगळं कुजलंय, तुळयाही गेल्यात, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. वहीत लिहा आणि आजच्या आज तिथं दोरी बांधा, असंही म्हणाले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. समितीची बैठक महिनाअखेरीला आहे, तुम्ही रीतसर एखाद्या खोडामार्फत या, असं त्यांनी सांगितलं.

"तुम्ही खोडच आहात की मास्तर. तुमच्यामार्फतच आलोय."

"पाहणी दर आठवड्याला होते, बुवा. शेरे ठीक आहेत. अंकुरांनी एवढं खोलात जायचं कारण नाही."

सुतारबुवांनी कुदळीची माती झटकली. "मास्तर, मी अंकुर आहे हे त्या फळीला माहीत आहे का?" एवढंच म्हणाले आणि कुदळ जागेवर ठेवून निघून गेले.

मास्तरांनी सूचनावही उघडली, पेनाचं टोपणही काढलं. पण 'झाकण कुजलं आहे' असं लिहायचं, तर याच महिन्यातले 'ठीक आहे'चे दोन शेरे लोकांना दिसणार होते आणि मागचे शंभरही दिसणार होते. मग सोळाचे बारा तास होणार, खोडाचा हिरवा बिल्ला जाणार, खुर्ची जाणार. पुन्हा दिवसभर घरात बसून फ्रिजचं दार मोजायचं. त्यांनी टोपण लावलं. महिनाअखेरीला सांगू, तोवर काय होतंय, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

पण महिनाअखेरीच्या आधी एक रविवार होता. त्या रविवारी बिल्ले वाटायचा कार्यक्रम होता आणि तो दरवर्षी त्या झाकणावरच व्हायचा. आयतं व्यासपीठ! अकरा खोडं वर उभी राहायची, मध्ये जड लाकडी टेबल, आणि यंदा बिल्ल्यांचं तबक धरायला अध्यक्षबाईंनी मास्तरांच्याच नातीला निवडलं होतं. चिऊ सात वर्षांची होती. आठवडाभर ती घरात ताट हातात धरून चालायचा सराव करत होती.

मास्तरांचं जेवण कमी झालं. सूनबाईंनी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणाले. बागेत बसले की नजर झाकणाकडे जायची आणि तिथून हटायची नाही. एकदा माळ्यानं मातीनं भरलेली कुंडी त्याच्यावर ठेवली. संध्याकाळी ती उचलली, तर खाली कुंडीच्या बुडाएवढा गोल खळगा पडला होता. माळ्यानं तो पायानं चेपून पाहिला आणि शीळ घालत पुढे गेला. मास्तरांनी ते पाहिलं आणि रजिस्टर पुढे ओढलं.

उलट त्यांनी आणखी एक गोष्ट केली. बिल्ल्यांच्या कार्यक्रमाआधी सगळ्यांच्या तासांचा हिशेब व्हायचा आणि त्यात सुतारबुवांचे दोनच तास भरले होते. चार न भरणाऱ्याचं सभासदाचं कार्ड जमा करायचं, या नियमाप्रमाणे मास्तरांनी त्यांचं कार्ड काढून घेतलं. बुवांनी सांगून पाहिलं की मी घरी फळ्या तासतोय, याच टाकीसाठी. मास्तरांनी नियम दाखवला, बागेबाहेर केलेलं काम सेवेत धरत नाहीत. खरं सांगायचं तर बुवा बागेत दिसले नाहीत की मास्तरांना बरं वाटत होतं. चांगला माणूस किती खाली घसरू शकतो, ते पाहा.

रविवारी सकाळी दहा वाजता बाग भरली. मास्तर फाटकावर कार्डं तपासत होते. कर्ण्यातून अध्यक्षबाईंचा खणखणीत आवाज येत होता. त्या जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि बोलायला लागल्या की अजूनही माणसं सरळ बसायची. तेवढ्यात हातगाडी ढकलत सुतारबुवा आले. गाडीवर नव्या, कोऱ्या फळ्या होत्या, चार जाड तुळया होत्या आणि वर एक पहार. मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, कार्ड?

"ते तुमच्याच खणात आहे," बुवा म्हणाले. "मी आत येत नाही, मास्तर. नियम मोडत नाही. तुमची नात कुठं उभी राहणार, तेवढं मला सांगा."

मास्तरांनी वळून पाहिलं. चिऊ तबक सांभाळत झाकणाची पायरी चढत होती. तिच्या पाठोपाठ एकेक खोड वर जात होतं, सहा, सात, आठ. आणि मास्तरांना कर्ण्याच्या आवाजाखालून दुसरा एक आवाज ऐकू आला, बारीक आणि ओलसर. तो आणखी कुणाला ऐकू गेला की नाही, देव जाणे.

दोन वर्षं न वाकलेला गुडघा त्या दिवशी पळाला. खुर्च्यांना धडकत मास्तर झाकणापर्यंत पोहोचले, चिऊला त्यांनी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, तिच्या हातातलं तबक वरच पडलं, आणि ते ओरडले, "उतरा! सगळे खाली उतरा!"

कुणी हललं नाही. काही जण हसले. अध्यक्षबाईंनी त्यांना समजावणीच्या सुरात विचारलं की झालं काय. झाकण कुजलंय असं मास्तर म्हणताच बाईंनी टेबलावरचं पाहणीचं रजिस्टर उचललं, पान काढलं आणि कर्ण्यावरच मोठ्यानं वाचून दाखवलं. "सोमवारचाच शेरा आहे, मास्तर. 'झाकण ठीक आहे.' खाली सही तुमची."

सगळी बाग त्यांच्याकडे बघत होती. चिऊही बघत होती. आयुष्यभर ज्या सहीवर लोकांनी विश्वास ठेवला, ती सही आता आठ माणसांना त्या फळ्यांवर धरून ठेवत होती.

"ती सही खोटी आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांतल्या सगळ्या खोट्या आहेत. मी टाकीकडे गेलोच नाही. खुर्चीत बसून लिहीत होतो."

मग माणसं उतरली. आधी एक, मग घाईघाईनं सगळी. अध्यक्षबाई सगळ्यांत शेवटी उतरल्या, चेहरा पांढराफटक. मास्तरांनी फाटकाकडे हात केला आणि सुतारबुवा पहार घेऊन आत आले. चिऊ जिथं उभी होती, तिथं त्यांनी पहारीचं टोक टेकवून थोडं दाबलं. फळी मोडल्याचा आवाजही झाला नाही. भिजलेल्या पावासारखी ती दबली आणि तिच्यामागून शेजारच्या फळ्या खचल्या. टेबल आधी कललं, मग तबक, बिल्ले आणि कर्ण्याची वायर घेऊन आत गेलं. ते खाली पाण्यावर आदळेपर्यंत जो वेळ गेला, तो तिथल्या कुणाला जन्मात विसरता येणार नाही. भोकातून कुजका, गार वास वर आला. चिऊनं आजोबांचं बोट घट्ट धरलं होतं.

पहिले बोलले ते खोडांमधले एक दातांचे डॉक्टर. झाकणाला दरवर्षी रंग तेच लावायचे, त्याचे तीन तास त्यांना मिळायचे. "यंदा ब्रश फळीत रुतत होता," ते खाली मान घालून म्हणाले. "मला वाटलं, पाहणीवाले पाहत असतीलच." माळी म्हणाला, त्यानं खळगा पाहिला होता, पण वही त्याच्यासाठी नव्हती. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्यांनी दर महिन्याला रजिस्टर तपासलं होतं आणि सगळे रकाने भरलेले पाहून त्यांना अभिमान वाटला होता.

सुतारबुवांनी पहार बाजूला ठेवली. "तास मोजू नका, असं मी नाही म्हणत," ते म्हणाले. "झाडांना पाणी घालायला माणसं वेळेवर यायलाच हवीत. पण तुम्ही तासांवरून माणसाची किंमत ठरवायला लागलात. ज्याचे तास जास्त त्याचं खरं, ज्याचे कमी त्यानं गप्प बसायचं. मग तास भरले की झालं, काम कोण बघतो? आज पोर वाचली. उद्याचं कुणी सांगावं?"

मास्तरांनी फाटकावरच्या खणातून बुवांचं कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं आणि हात जोडले. बुवांनी ते जोडलेले हात खाली केले आणि म्हणाले, तुळया उतरवायला लागा.

नवं झाकण चार दिवसांत बसलं. अध्यक्षबाईंनी बैठक बोलावली. स्तर राहिले, तासही राहिले, पण सूचनावही फाटकाला दोरीनं बांधून सगळ्यांसाठी उघडी झाली आणि पाहणी कायम दोघांनी करायची ठरलं, मग ते कुठल्याही स्तराचे असोत. बुडालेले बिल्ले कुणी काढले नाहीत. मास्तरांनी स्वतःहून सांगितलं, मला अंकुर करा.

हे सगळं खरं, पण मास्तरांना त्याहून अवघड गोष्ट घरी करायची होती. त्या रविवारी दुपारी चिऊ त्यांच्यासमोर येऊन बसली होती. तिनं शांतपणे विचारलं होतं, "आजोबा, न बघता ठीक का लिहिलं?"

तेव्हा ते उठून बाहेर गेले होते. आठवडाभरानं त्यांनी तिला जवळ बोलावलं. गुडघ्याचं कारण सांगता आलं असतं, वयाचंही. पण ते म्हणाले, "माझी खुर्ची जाईल म्हणून, बाळा." चिऊनं थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि मी गेले असते तर?" दारात उभ्या असलेल्या सूनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मास्तरांना रडू आवरलं नाही.

आता दर सोमवारी मास्तर छोट्या स्टुलावर बसून एकेक फळी बोटानं वाजवतात, शेजारी सुतारबुवा असतात. शेरा लिहायला त्यांना अर्धं पान लागतं.

मंडळी, अशी झाकणं आपल्या सगळ्यांच्या अवतीभवती आहेत. शाळेचा जिना आहे, कारखान्याचं यंत्र आहे, इमारतीची लिफ्ट आहे, आणि प्रत्येकाच्या रजिस्टरात कुणीतरी 'ठीक आहे' लिहून ठेवलं आहे. सेवा म्हणजे भरलेला रकाना नव्हे. जे सांभाळायला घेतलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, आणि ज्याला ते आपल्या आधी दिसलं त्याचं, तो कुठल्याही पायरीवरचा असो, ऐकून घेणं, हीच सेवा. पुढची सही करण्याआधी एवढंच पाहा, तिच्यावर भरवसा ठेवून कोण उभं आहे.