दुसऱ्याची बाबागाडी

ओड्डुरने घराच्या पायरीशी बाबागाडी उभी केली, हातमोज्याने टपावरचा बर्फ झटकला आणि जाळी बाजूला सारली. आतलं बाळ जागं होतं. नाक लालबुंद, खालचे दोन दात दिसताहेत, आणि अंगावर गुरफटलेल्या लोकरीतून ते मोठ्या खुशीत त्याच्याकडे बघत होतं. फक्त ती सल्का नव्हती.

सल्काला अजून एकही दात आला नव्हता.

ओड्डुरने जाळी परत लावली, जणू तेवढ्याने आतलं बाळ बदलणार होतं. मग पुन्हा उघडली. बाळ हसलं. ओड्डुरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने रस्त्याकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं, आणि त्याची नात गावाच्या दुसऱ्या टोकाला, बेकरीबाहेर, बर्फात एकटी झोपली होती.

एकटी म्हणजे तशी चारचौघांत. आज सूर्याची कॉफी होती. नोव्हेंबरात डोंगरामागे गेलेला सूर्य आजच्या दिवशी गावात परत येतो, म्हणून जो तो साखर पेरून गुंडाळलेली धिरडी खायला बाहेर पडतो. सूर्य काही दिसला नाही, ढग खाडीवर बसूनच होते. पण धिरडी खायला सूर्य लागतोच असं नाही. बेकरीच्या भिंतीशी बाबागाड्यांची रांग लागली होती, आत आया आणि आजोबा, बाहेर गावच्या रीतीप्रमाणे थंड हवेत गाढ झोपलेली बाळं. त्यातल्या दोन गाड्या निळ्या होत्या, कारण गावातल्या दुकानात त्या वर्षी आल्याच होत्या निळ्या. वरून बर्फ सुरू झाला. ओड्डुर बाहेर आला, निळी दिसली ती गाडी घेतली आणि निघाला. आत डोकावला नाही. झोपलेल्या बाळाच्या तोंडावरची जाळी कोण उघडतं?

हे सगळं खरं होतं, आणि ब्रिन्याला त्यातलं काहीही पटणार नव्हतं. ब्रिन्या त्याची मुलगी, गावच्या दवाखान्यात नर्स. बाळंतपणाची रजा संपून ती सोमवारी कामावर गेली होती. पाळणाघरात जागा मिळायची ती थेट उन्हाळ्यात. तिचा नवरा बोटीवर. दूर अकुरेरी शहरात राहणाऱ्या तिच्या सासूबाईंनी मात्र खोली रंगवून, पाळणा लावून तयारी ठेवली होती, आणि सल्काला उन्हाळ्यापर्यंत आपल्याकडे पाठवा म्हणून त्या आठवड्यातून दोनदा फोन करत होत्या. ओड्डुरने, मी सांभाळतो, असं छाती ठोकून सांगितलं तेव्हा ब्रिन्याची नजर स्वयंपाकघराच्या भिंतीकडे गेली. तिथे शरदात मासळीचं पातेलं चुलीवर ठेवून हा गृहस्थ बंदरावर गप्पा मारायला गेला होता. भिंत अजून काळी होती. "हा आठवडा बघू," ती म्हणाली होती. आज शुक्रवार होता, आणि सासूबाईंना आज रात्री उत्तर द्यायचं होतं.

त्याने गाडी वळवली आणि तो निघाला. बुटांना खिळ्यांचे तळ लावलेले होते तरी चढावर पाय सटकत होता. वाटेत पोराने भोकाड पसरलं. ओड्डुरला एकही अंगाईगीत धड येत नव्हतं. त्याने बोटीच्या जुन्या इंजिनाचा आवाज काढला, आधी थंडीत खोकणारं, मग सुरळीत चालू लागलेलं. पोर गप्प झालं. ओड्डुर मात्र मनातून गप्प होत नव्हता. त्याची आई म्हातारपणी त्याला त्याच्या मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारायची. तिचंही पातेल्यापासूनच सुरू झालं होतं.

बेकरीशी पोचला तेव्हा रांग तशीच होती. दुसरी निळी गाडी तिथेच. त्याने जाळी उचलली. सल्का तोंड अर्धवट उघडं टाकून झोपली होती, गाल गरम. ओड्डुरचा जीव भांड्यात पडला. आणि तो पडताक्षणी दुसरा विचार आला. काचेतून आतली माणसं दिसत होती. कुणी उठलं नव्हतं, कुणी शोधत नव्हतं. कुणाला काही कळलेलं नव्हतं. त्याने पोराची गाडी भिंतीशी नीट लावली, ब्रेक दाबला, सल्काची गाडी घेतली आणि दोन पावलं टाकली.

मागून पोर पुन्हा रडायला लागलं. दार उघडून एलिन बाहेर आली. शाळेत पोरांना पोहायला शिकवणारी एलिन, तोंडाला अजून साखर लागलेली.

"उठलास का रे?" ती गाडीत वाकत म्हणाली. मग ओड्डुरकडे वळली. "बरं झालं तुम्ही इथे होतात. ब्रिन्याचं नशीब चांगलं आहे हं. मी सांगणार आहे तिला."

इथे हसून मान हलवली असती तर काम झालं होतं. ओड्डुरने मान हलवायचा प्रयत्नही केला. ती हलेना.

"मी त्याला घरी नेलं होतं," तो म्हणाला. "माझ्या घरी. चुकून. आत्ता परत आणलंय."

एलिन हसली नाही. तिने पोराला झटकन उचललं आणि त्याचं डोकं आपल्या मानेशी दाबून धरलं. ओड्डुर खाली बघत उभा राहिला. आता ही ओरडेल आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल, असं त्याला वाटलं. होऊ दे, तेही बरोबरच होतं.

"मी खिडकीतच बसले होते," ती शेवटी म्हणाली, हळू. "सारखं बघत होते. निळी गाडी दिसत होती." तिने पोराला आणखी घट्ट धरलं. "तुमच्या नातीवर लक्ष ठेवून होते मी."

"म्हणजे तिच्यावर कुणाचं तरी लक्ष होतं," ओड्डुर म्हणाला.

"कुणाला सांगू नका. याच्या बापाला कळलं तर... माझी सासूही आतच बसलीय. ओड्डुर, शपथ आहे तुम्हाला."

त्याने शब्द दिला. परत जाताना त्याला कळलं की आपल्याला गप्प बसायला आता सज्जन माणसाचं कारण मिळालं आहे. एका तरुण पोरीची लाज राखायची म्हणून मूग गिळून बसलो, याच्याहून चांगलं काय हवं? घर येईपर्यंत त्याला स्वतःचाच राग आला होता.

ब्रिन्या आली तेव्हा काळोख पडून बराच वेळ झाला होता. तिने सल्काला छातीशी घेतलं, दिवस कसा गेला विचारलं, आणि फोन टेबलावर ठेवला. अकुरेरीचा फोन येणार होता. ओड्डुर बटाटे सोलत होता. त्याने सुरी खाली ठेवली आणि वळून न बघता सगळं सांगितलं. ढग, बर्फ, निळ्या गाड्या यांची ढाल पुढे केली नाही. मी दुसऱ्याचं बाळ घरी आणलं, एवढंच सांगितलं, आणि सल्का तेवढा वेळ तिथे एकटी होती, हेही.



"कुणाचं बाळ?"

"ते सांगणार नाही."

"आठवत नाहीये का, बाबा?" तिने हा प्रश्न फार जपून विचारला, आणि त्या जपण्यानेच त्याला रडू आलं असतं.

"चांगलं आठवतंय. शब्द दिलाय."

ब्रिन्या खुर्चीवर बसली. सल्काने तिच्या केसांत मूठ अडकवली होती, ती सोडवायचंही तिला सुचलं नाही.

"मला कळलं नसतं," ती म्हणाली. "कधीच. मग कशाला सांगितलंत? तुम्हाला माहीत आहे ना, आज मी त्यांना काय सांगणार ते यावरच ठरणार होतं."

ओड्डुर तिच्याकडे वळला. हात ओले होते, ते पुसायला त्याला फडकं सापडेना.

"कारण आज मला कळलं," तो म्हणाला. "उद्या मला कळलंच नाही तर? तुला तरी माहीत असायला हवं."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. सल्का त्याच्या उजेडाकडे झेपावली. ब्रिन्याने तो उचलला नाही, पालथा घातला. तो लाकडावर थोडा वेळ घरघरला आणि थांबला. तिने डोळे पुसले आणि दवाखान्यातल्या आवाजात बोलायला लागली.

"सोमवारी कुठूनही निघताना आधी जाळी उघडायची. आत बघायचं. मग मला फोन करायचा."

"झोपलेली असली तरी?"

"झोपलेली असली तरी."

"उठेल ती."

"उठू दे," ब्रिन्या म्हणाली.