चढावरची फेरी

शेवटची बस साडेअकराला जाते. त्यानंतर पहाटेपर्यंत या शहराला वाली कोण, तर आम्ही रात्रीचे शेअर टॅक्सीवाले. आम्हाला ठेवलंय बसवाल्यांनीच. बसचाच मार्ग, बसचाच महिन्याचा पास, फक्त माणसाला दारापर्यंत सोडायचं. गाडीत सहा जागा. माणूस चढला की समोरच्या यंत्राचं बटण दाबायचं. महिन्याभरात फेरीमागे सरासरी तीन माणसं भरली नाहीत, तर फेरी बंद. हा नियम करणारे साहेब रात्री दहाला झोपतात, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या एकच्या फेरीला नेमाने एकच माणूस असायचं, हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातली मावशी. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. दर तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. साडेदहाला शेजारीण कूस बदलून जायची आणि दीडच्या आत मावशी पोहोचायची. तिचं घर टेकडीवरच्या बोळात. आरसे मिटले की माझी गाडी कशीबशी शिरायची. चालत जायचं तर मुख्य रस्त्यापासून पाऊण तासाचा चढ, आणि मावशीचे गुडघे कधीच कामातून गेलेले.

"एकटीसाठी गाडी आणतोस रे. बंद करतील," ती म्हणायची.

"मी आहे ना? तुम्ही निर्धास्त राहा."

ती उतरली की मी ते बटण आणखी तीनदा दाबायचो. पाप वगैरे काही वाटलं नाही. उलट बायकोला फुशारकीने सांगितलं. ती म्हणाली, "एवढी अक्कल घरात कधी दिसत नाही ती?"

पाच महिने बरे गेले. मग साहेबांनी बोलावलं. चोराच्या मनात चांदणं. तर साहेब हसतमुख.

"तुझी फेरी सगळ्यात यशस्वी! रोजचे चार प्रवासी. टॅक्सी काढून तिथे वीस जणांची बस टाकतोय, रात्री दोनला; त्याआधी बस मोकळी नसते. चालवणार तूच."

"साहेब, बोळात बस शिरत नाही."

"मुख्य रस्त्यावर थांबेल. यशस्वी मार्ग आहे, लोक येतील तिथवर."

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. बोललो तर नोकरीही जाईल आणि फेरीही, असं मी स्वतःला समजावलं आणि मान हलवून बाहेर आलो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

आता मावशी काम संपल्यावर हॉस्पिटलच्या फाटकाशी तासभर बसून राहते. दोनला माझ्या बसमध्ये चढते, चढाच्या पायथ्याशी उतरते. घरी पोहोचेपर्यंत तीन वाजून जातात. पहिला आठवडा ती पार मागच्या सीटवर जाऊन बसायची. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दहाव्या रात्री बसमध्ये आम्ही दोघंच होतो. पायथ्याशी बस थांबवून मी सगळं ओकून टाकलं. बटण, साहेब, माझी हललेली मान.

तिने पिशवीचे बंद सारखे केले.

"तीन महिन्यांपूर्वी खात्यात दिवसपाळी निघाली होती," ती म्हणाली. "पहिलं मलाच विचारलं. पण दिवसा हे जागे असतात, मी दिसले नाही की घाबरतात. म्हणून मी नको म्हटलं. म्हटलं, रात्रीची गाडी आहे, ड्रायव्हरने शब्द दिलाय."

"ती पाळी आता…"

"गेली दुसरीला. गाडीचं काही खरं नाही एवढं जरी म्हणाला असतास, तरी मी हातचं सोडलं नसतं रे."

"उद्या जाऊन सगळं कबूल करतो, मावशी."

"कर. तुझ्या जिवाला बरं वाटेल." ती उठली, दांडी धरून एक पायरी उतरली आणि थांबली. "काल पाठ फुटली त्यांची. बोटभर जखम आहे. मला विचारलं, काय झालंय गं? मी म्हटलं, काही नाही, डास चावलाय."

मी पायरीवरचा दिवा लावला.

"त्यांनाही खरं वाटलं," ती म्हणाली आणि चढाला लागली.