शेगडी वाढव

सासूबाईंच्या घरात काही फुटत नसे, संपत नसे, विझत नसे. असले अभद्र शब्द उंबऱ्याबाहेर ठेवूनच आत यायचं. सुनेला येऊन दोनच महिने झाले होते, पण एवढं तिला चांगलंच कळलं होतं.

दुसरं कळलं होतं ते असं, की विजेच्या जुन्या शेगडीला हात लावायचा नाही. शेगडी नवऱ्यापेक्षा वयाने मोठी. तो तिला आईची थोरली सून म्हणायचा. दोन वेटोळी, दोन बटणं, बटणांवरचे आकडे पुसून पुसून कधीच गेलेले. कुठे चालू आणि कुठे बंद, ते फक्त सासूबाईंच्या बोटांना ठाऊक.

पण परवा सासूबाई पायरीवरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. नवरा कामावर. कंबर शेकायला गरम पाणी हवं होतं, तेव्हा सासूबाईंनी आतल्या खोलीतून, पलंगावर पडल्या पडल्या धडा दिला. पायात रबरी चपला. हात कोरडे. आधी दाराजवळचा मोठा खटका वर, मग बटण. आणि आभाळ कोसळलं तरी शेगडीवर पाणी ओतायचं नाही. थोरल्या सुनेच्या कलाने घे, असंही वर सुनावलं.

सुनेने सगळं तंतोतंत केलं. पातेलं ठेवलं, बटण फिरवलं. खट, खट. वेटोळं तांबूस झालं आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. तेवढ्यात जळका वास आला. शेगडीची वायर जुन्या पद्धतीची, कापड गुंडाळलेली. त्या कापडातून धुराची रेघ निघत होती.

"आई, वायर जळतेय!"

"वाढव! आधी शेगडी वाढव!"

सून क्षणभर थबकली. पण जुन्या यंत्राचे नखरे जुन्या माणसालाच माहीत. तिने बटण आणखी फिरवलं. खट. वेटोळं लालभडक झालं, धूर दाटला.

"आणखी, आई?"

"अगं वाढव म्हणते ना!"

खट. वायरीतून निळी ठिणगी उडाली. आता मात्र तिचं धाबं दणाणलं. ती स्वतः पळून जाऊ शकत होती. पलंगावरची बाई नाही. सगळा धडा विसरून तिने पाण्याची बादली उचलली. कडी हातावर आपटली, काचेची बांगडी खळकन खाली पडली, आणि पहिल्या आठवड्यातलं बोलणं तिच्या कानात वाजलं. फुटली म्हणू नये गं. बांगडी वाढली म्हणावं.

वाढली.

बादली तिथेच टाकून ती दाराकडे धावली आणि मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. वेटोळ्याचा रंग उतरत गेला. धूर विरळ झाला.

ती आतल्या खोलीत गेली तेव्हा सासूबाई जमिनीवर होत्या. प्लास्टरचा पाय ओढत, कोपरांवर सरकत दारापर्यंत आल्या होत्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी सुनेचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, भाजलं नाही ना म्हणून. मग ओठ हलले, पण शब्द निघेना. जन्मात कधी उच्चारलाच नव्हता.

"विझली का गं?"

"विझली, आई."